विद्यापीठ ग्रंथालयात जायचं आहे : कोहा शिकू, पायथन शिकू की आणखी काही?

डिचोलीची वाचक

नमस्कार मंडळी. एम.लिब. झालं, नेटही झाली. सध्या डिचोली तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटी सहाय्यक म्हणून आहे. देवघेव, दाखल नोंदवही, बारकोड चिकटवणं, नॅकसाठी (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था) कागद जमवणं यातच दिवस जातो. पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहाय्यक ग्रंथपाल व्हायचं मनात आहे.

कोविडच्या काळात वेबिनारांची प्रमाणपत्रं खूप जमली. पण उद्या कोणी समोर पुस्तकांचे गठ्ठे ठेवून म्हणालं, की यांचा कॅटलॉग उभा कर, तर कुठून सुरुवात करायची ते मला नीट सांगता येणार नाही. मार्क २१, म्हणजे संगणकात पुस्तकाची नोंद क्रमांकांच्या क्षेत्रांत भरायची पद्धत, शिकले ते वर्गात, फळ्यावर. आमच्याकडे सोल हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे आणि आता कोहा या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं घाटतंय.

सल्ले देणारे पुष्कळ आहेत. पुण्याची मैत्रीण म्हणते पायथन शीक, नाहीतर मागे पडशील. कॉलेजातले एक सर म्हणतात एआयचा कोर्स कर, सध्या त्यालाच किंमत आहे. मला काम आवडतं आणि ते नीट यावं असं वाटतं. साखळीहून बसने येऊन-जाऊन संध्याकाळी तास-दीड तास हातात राहतो. तेवढ्यात नेमकं काय शिकू? मुलाखतीत काय विचारतात ते नको, रोजच्या कामाला काय लागतं ते सांगा.

---

म्हापशाचा सर्व्हरवाला

मी ग्रंथपाल नाही, पण काही ग्रंथालयांचं कोहा सांभाळतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

कोहा फुकट मिळतं आणि लिनक्सवर चालतं. घरात जुना लॅपटॉप असेल तर त्यावर डेबियन टाका आणि कोहा स्वतः बसवा. पहिल्या खेपेला अडेल. अडू द्या, लॉग वाचायची सवय त्यातूनच लागते. नंतर थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. नॅकवाले विचारतात गेल्या पाच वर्षांत कुठल्या विषयाची किती पुस्तकं घेतली, किती बाहेर गेली. कोहामध्ये असा अहवाल चार ओळींची क्वेरी लिहून निघतो. ज्याला ती येत नाही तो माणूस दोन दिवस नोंदवह्या मोजत बसतो.

एक गोष्ट मराठी-कोंकणी पुस्तकं असलेल्या प्रत्येक ग्रंथालयाने बघावी. कोहातला शोध झेब्रा नावाच्या इंजिनवर चालत असेल, तर त्याचं इंडेक्सिंग आयसीयू पद्धतीचं (सगळ्या लिप्या ओळखणारं) आहे ना ते कोहा बसवणाऱ्या एजन्सीला विचारा. दुसरी जुनी पद्धत रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. तीवर देवनागरी शोध धड चालत नाही, आणि मग लोक म्हणतात कोहाला मराठी येत नाही.

बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उभा करून बघायलाही शिका. नुसती फाइल पडून असणं पुरेसं नाही. पायथन नंतर.

---

पठारावरची ग्रंथपाल

बाय, वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते. नोकरी विद्यापीठ ग्रंथालयात गेली. कार्डांच्या ड्रॉवरपासून डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं या हातांखालून गेलं, आता निवृत्त आहे. सर्व्हरवाल्या भावाने सांगितलंय ते सगळं कर. पण त्याच्या आधी एक काम शीक, तुझ्याच कॉलेजात शिकता येईल असं. पुस्तकाची नोंद करायला शीक. तू म्हणशील ती तर येते. पुष्कळांना तसंच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचं नाव घे. इतिहासाचा अभ्यासक गोव्यात आला की त्यांच्यापर्यंत पोचतोच, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातच आहे. मराठीत कोणी पिसुर्लेकर लिहितं, कोणी पिसुर्लेंकर. पोर्तुगीज पुस्तकांवर तेच नाव सी घालून पिसुर्लेंकार असं येतं, इंग्रजीत के घालून. विद्यार्थी यातलं एकच रूप टाइप करतो. समोर येतात तेवढीच पुस्तकं आहेत असं धरून तो निघून जातो, आणि उरलेली पुस्तकं कपाटात असूनही त्याच्या प्रबंधात येत नाहीत. हे टाळायचं साधन आपल्याकडे केव्हाचं आहे. एक रूप अधिकृत धरायचं, त्याचा अथॉरिटी रेकॉर्ड (नावाची प्रमाण नोंद) करायचा, आणि बाकीची सगळी रूपं त्या रेकॉर्डच्या ४०० क्रमांकाच्या क्षेत्रांत भरायची. मग कोणी कसंही टाइप केलं तरी तो एकाच ठिकाणी येतो. एका लेखकाला याचा अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणी देत नाही, कारण वर्षाच्या अहवालात त्याला रकाना नाही.

भाषा आणि लिपी वेगळ्या नोंदवायलाही शीक. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, भाषा मराठी आणि लिपी रोमी. अशा पुस्तकाला भाषेचा कोड एमएआरच द्यायचा आणि लिपीची टीप ५४६ क्षेत्रात लिहायची. रोमी कोंकणी पुस्तकांना केओके. रोमी अक्षरं दिसली म्हणून पोर्तुगीज किंवा इंग्रजी ठोकून दिलेल्या नोंदी मी बघितल्या आहेत आणि दुरुस्त करून घेतल्या आहेत. देवनागरी शीर्षकाचं रोमी रूपही द्यायचं असेल तर त्यासाठी ८८० हे क्षेत्र आहे. परदेशातला अभ्यासक बहुतेक वेळा रोमी अक्षरांतूनच आपल्यापर्यंत येतो.

पोर्तुगीज अस्खलित यायला हवं असं नाही. पण मुखपृष्ठामागचं शीर्षकपान वाचता आलं पाहिजे. नोवा गोवा म्हणजे पणजी, बस्तोडा असेल तर बहुतेक रांजेल छापखाना, हे कळलं पाहिजे. पोर्तुगालमध्ये १९११ ला शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या पुस्तकांत फार्मासियासारखे शब्द पीएच घालून छापलेले असतात, नंतर एफ आला. जुन्या शीर्षकाला हात लावायचा नाही, ते जसं छापलंय तसंच उतरवायचं. पण २४६ क्षेत्रात आजच्या शुद्धलेखनाचं रूप जोडायचं, नाहीतर आजचा वाचक ते शोधणार कसा?

आता युनिकोड. हे एम.लिब.ला कोणी धड शिकवत नाही आणि विद्यापीठात रोज लागतं. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घे. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेल्या ऱला हलन्त जोडतात. दुसरीत साध्या रला हलन्त देऊन त्याच्या मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, आणि संगणकाच्या लेखी शब्द दोन. एका ऑपरेटरने एका कीबोर्डवर भरलेलं पुस्तक दुसऱ्या कीबोर्डवरून शोधणाऱ्याला सापडत नाही. ग्रंथालयाने एक तऱ्हा ठरवून जुन्या नोंदी तीत बदलून घ्यायच्या. हे ठरवायला तांत्रिक माणूस नको, मराठी येणारा आणि नोंदीचं मोल जाणणारा माणूस हवा.

याहून मोठं दुखणं जुन्या फॉन्टांचं. श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाइप केलेला प्रबंध पडद्यावर सुंदर मराठी दिसतो. त्यातली ओळ उचलून दुसऱ्या फाइलीत चिकटव, रोमी अक्षरं आणि चिन्हं यांचा नुसता काला होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांनी पीएचडीच्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं सक्तीचं केलं आणि ते शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊ लागले, फार चांगलं झालं. पण असा प्रबंध तिथे जाऊनही मुका राहतो, कारण आतला मजकूर शोधात येतच नाही. वाङ्मयचौर्य तपासायला तीच फाइल दिली तर साम्य जवळजवळ शून्य येतं. त्यावरून लेखन निर्दोष आहे असं म्हणता येत नाही, यंत्राला मजकूर वाचताच आलेला नसतो. ग्रंथपालाने प्रबंध घेताना एक परिच्छेद उचलून चिकटवून बघावा आणि फॉन्ट जुना निघाला तर युनिकोड करून आणायला सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

या तपासणीचा साम्य अहवाल वाचणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८च्या नियमांत साम्याचे टप्पे दिले आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६०, आणि ६०च्या वर नोंदणी रद्द होण्यापर्यंत पाळी येते. विद्यार्थी घाबरून येतात, आकडा खाली आणून द्या म्हणतात. तेव्हा त्यांना शेजारी बसवायचं आणि एकेक रंगीत ओळ उघडून दाखवायची. ही संदर्भसूची आहे, मोजणीतून वगळता येते. हे अवतरण आहे, चिन्हं आणि संदर्भ दे. हा मात्र अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा आहे, पुन्हा लिही. शब्द फिरवून आकडा कमी करायची युक्ती कधीही शिकवू नकोस. मुलं मागतील, कधी कधी मार्गदर्शकही मागतील.

एआयचा कोर्स करायला हरकत नाही, पण तो कोर्स न करताही एक काम आजच तुझ्या टेबलावर येणार आहे. मुलं एआयने दिलेली संदर्भयादी घेऊन येतात. लेखक खरा असतो, नियतकालिकही खरं असतं, पण तो लेख कधी छापलाच गेलेला नसतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, टाकून बघायचा, नाही उघडला तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडून पानं ताडून बघायची. जुन्या संदर्भ विभागात आम्ही हेच करत होतो.

पायथन वाईट नाही. पण आधी ओपनरिफाइन हे याद्या साफ करायचं सॉफ्टवेअर शीक, तेही फुकट आहे. लेखकांचा रकाना त्यात घालून क्लस्टर केलंस की जवळजवळ सारखी दिसणारी नावं ते एकत्र आणून ठेवतं. त्यातली कुठली खरोखर एकाच माणसाची आणि कुठली बाप-लेकांची हे तूच ठरवायचं. गोव्यात नाईक आणि गावकर किती आहेत बघ म्हणजे कळेल. ओपनरिफाइन पुरेनासं झालं की पायथन कशासाठी हवं ते तुला आपोआप कळेल, आणि तेव्हा ते लवकर येईल.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. आपल्याकडे पावसाचे चार महिने कागदाला बुरशी धरते, म्हणून सगळ्यांना घाई असते. घाईत बांधणी उलटी दाबून पुस्तकं मोडतात. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी, वाचकांसाठी पीडीएफ वेगळी करावी, फाइलींची नावं पहिल्याच दिवशी ठरवावीत. आणि हक्क बघावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. पिसुर्लेकर १९६९ ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. जतनासाठी प्रत करणं आणि ती सगळ्या जगासाठी खुली करणं या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

---

संशोधक, मराठी

मी वाचकाच्या बाजूने लिहितो. गोव्यातल्या जुन्या मराठी नियतकालिकांवर काम करतोय.

वरच्या मॅडमचं अक्षर न् अक्षर खरं आहे. एका ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मला हवा असलेला बांधीव खंड नव्हता. तिथल्या मावशींनी कपाटातून काढून दिला. तो नुसता ‘मासिक, जुने’ या शीर्षकाखाली नोंदलेला होता. नाव नाही, साल नाही. त्या निवृत्त झाल्या की हा खंड असून नसल्यासारखाच.

डिचोलीच्या ताईंना एक सुचवतो. संशोधकाला आता ग्रंथपालाची गरज वाढली आहे. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. यादी असताना आम्ही तीत नाव आहे की नाही एवढंच बघायचो. आता नियतकालिक भरवशाचं की पैसे घेऊन काहीही छापणारं हे आम्हालाच ठरवायचं आहे, आणि ते ठरवायचं कसं हे कोणी शिकवलेलं नाही. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विद्यापीठांत आहेत का, नियतकालिकाचा आयएसएसएन क्रमांक जुळतो का, लेख पाठवल्यावर परीक्षण न होता आठवड्यात स्वीकृती येते का, हे मला एका ग्रंथपालांनी बसून दाखवलं.

तसंच ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चं. १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. माझ्या विषयाला त्यातलं थोडंच लागतं, पण विज्ञानवाल्या मित्रांना खूप लागतं. त्यातल्या कितीतरी जणांना कुठून लॉगिन करायचं तेच माहीत नव्हतं. अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक घेता येणं, तेही समोरच्याला कमीपणा न वाटू देता, हे तुम्ही नक्की शिका.

---

डिचोलीची वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं. मॅडम, तुमचं उत्तर छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. दोनच शंका. सरावाला नोंदी कुठून आणू? चालू डेटाला हात लावायची मला परवानगी नाही. आणि ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स करावेत का? आमच्या कॉलेजात कंत्राटी लोकांना प्रशिक्षणाला सोडत नाहीत, रजा टाकली तर पगार कापतात.

---

पठारावरची ग्रंथपाल

कंत्राटी माणसाला प्रशिक्षणाला न सोडणं हे चूकच आहे, आणि तू एकटी नाहीस. काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं आणि शिकायला मात्र कायम असलेल्यालाच पाठवायचं, हे मी अनेक ठिकाणी बघितलं. एक लेखी अर्ज देऊन ठेव. कोहावर जायचं ठरतंय, त्यासाठी प्रशिक्षण हवं, असं त्यात स्पष्ट लिही. नाकारला तरी कागद राहतो, आणि नवीन प्राचार्य आले की तोच पुन्हा पुढे करता येतो.

‘स्वयं’ पोर्टलवरचा कोर्स कर, पण दर आठवड्याला काहीतरी करून द्यायला लावणारा निवड. नुसते व्हिडिओ असतील तर तो वेळ नोंदी करण्यात घाल.

सरावाचं सोपं आहे. सोलमधून नोंदी आयएसओ २७०९ या नोंदींच्या देवघेवीच्या साच्यातल्या फाइलीत बाहेर काढता येतात. ग्रंथपालांना सांग की प्रत हवी आहे, मूळ डेटाला हात लावणार नाही. फक्त मराठी शेल्फची घे. कादंबऱ्या नको, गोव्याविषयीची पुस्तकं घे, अडचणी त्यांतच आहेत. ती फाइल मार्कएडिट या मार्क नोंदी दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, लेखक आणि शीर्षकं ओपनरिफाइनमध्ये नेऊन साफ कर, आणि सर्व्हरवाल्या भावाने सांगितलंय तसं घरच्या कोहात चढव. कोहावर जाताना तुमच्या कॉलेजला हीच साफसफाई करावी लागणार आहे. आधीच केलेली असली तर ती कोण करू शकतं हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पणजीला येशील तेव्हा पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे ते. संदर्भ विभागात जुन्या पोर्तुगीज आणि मराठी पुस्तकांची शीर्षकपानं बघायला माग आणि वहीत हाताने उतरवून घे : प्रकाशनस्थळ, छापखाना, साल, नावाचं रूप. घरी बसून दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेचा डीस्पेसवरचा संग्रह उघड आणि एका शोधनिबंधाच्या नोंदीत काय काय भरलंय ते रकान्याला रकाना लावून बघ. विषय आपला नसला तरी नोंदीची शिस्त शिकण्यासारखी आहे.

आधी अथॉरिटी कर, ८८० मागाहून. पहिल्या पन्नासेक नोंदी झाल्या की फाइल इथे टाक. पावसात मला बाहेर पडणं होत नाही, घरी बसून तपासून देईन.